व्हिएतनामहून परतलेल्या परिचारिका

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यदलांतल्या सुमारे ११,००० स्त्रिया प्रत्यक्ष त्या देशात काम करून आल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा आकडा अंदाजाचाच आहे, कारण लष्कराने स्त्रियांचा वेगळा हिशेब नीट ठेवला नव्हता. त्यांतल्या दहापैकी नऊ परिचारिका होत्या. स्त्रियांना सक्तीची भरती लागू नव्हती, त्यामुळे सैन्यात आलेली प्रत्येक जण स्वेच्छेने आली होती. बहुतेकींनी विशी नुकतीच ओलांडली होती आणि नर्सिंगचे शिक्षण संपून फार दिवस झाले नव्हते.

प्लेकू, चू लाय, लाँग बिन्ह अशा ठिकाणच्या लष्करी रुग्णालयांत बारा तासांची पाळी असे, आठवड्यातले सहा दिवस. जखमींची रीघ लागली की पाळी संपतच नसे. हेलिकॉप्टरमुळे जखमी सैनिक फार लवकर रुग्णालयात पोचत. आधीच्या युद्धांत जे रणभूमीवरच गेले असते, ते आता जिवंत दारात येत. हातपाय तुटलेले, पोट फाटलेले, नापामने भाजलेले. आधी कोणाला घ्यायचे हे दारातच ठरे. ज्यांच्या वाचण्याची आशा नाही त्यांना पडद्याआड ठेवत, आणि त्यांच्याजवळ शेवटपर्यंत थांबायला परिचारिकाच असे. रुग्णालयांवर रॉकेटही पडत. ८ जून १९६९ रोजी चू लाय येथे शॅरन लेन ही परिचारिका अशाच हल्ल्यात मरण पावली.

नेमणूक एक वर्षाची असे आणि प्रत्येक जण आपापल्या तारखेला एकटीच परते. कालपर्यंत जिने गरज पडली तर श्वासनलिकेला छेद देऊन रुग्ण वाचवला होता, तिला गावातल्या रुग्णालयात सलाईन लावायलाही डॉक्टरांची परवानगी मागावी लागे. अनेकींच्या आठवणींत हा अपमान युद्धाच्या भीतीइतकाच ठसठशीत आहे. पुढची लक्षणे हळूहळू दिसू लागत. झोप लागत नसे, हेलिकॉप्टरचा आवाज आला की पाय आपोआप दाराकडे वळत. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आतषबाजी सुरू झाली की कोणी घरातल्या घरात लपून बसे. काहींचे संसार मोडले, काहींना दारू जवळची वाटू लागली. तरी कितीतरी जणी रोज कामावर जात राहिल्या, उलट जास्तीच्या पाळ्या मागून घेत राहिल्या. त्यांचे दुखणे इतकी वर्षे झाकून राहिले ते यामुळेच. स्वयंपाक, मुले, नोकरी सगळे व्यवस्थित चाललेल्या बाईला मदतीची गरज असेल, हे कोणाच्या मनातही येत नसे.

मदत मागायला गेलेल्यांनाही दार सहज उघडे नव्हते. १९७९ मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांसाठी समुपदेशन केंद्रे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा तणावाचा विकार, आपल्या अधिकृत यादीत घेतला. पण या विकाराची कल्पना बंदूकधारी पुरुष डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. गोळी झाडली का, गस्तीवर गेलात का, असे प्रश्न असलेल्या प्रश्नावलीत परिचारिकेच्या खात्यात फारसे काही जमा होत नसे. केंद्रात आलेली बाई एखाद्या सैनिकाची बायको असणार, असेच अनेकदा गृहीत धरले जाई.

चित्र पालटायला लागले ते मोजणीपासून. १९८० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या स्त्रियांना, तुम्ही सैन्यात होतात का, असे पहिल्यांदाच विचारले गेले आणि सुमारे १२ लाख जणींनी होकार दिला. १९८२ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांच्या अहवालाने, माजी सैनिक विभागाच्या सेवा स्त्रियांना पुरुषांइतक्या मिळत नाहीत, असे स्पष्ट सांगितले. १९८३ मध्ये विभागाला स्त्रियांसाठी सल्लागार समिती नेमणे भाग पडले.

त्याच वर्षी लिंडा व्हॅन डेव्हँटर यांचे ‘होम बिफोर मॉर्निंग’ हे आत्मकथन आले. १९६९-७० मध्ये त्या प्लेकूच्या रुग्णालयात होत्या. परतल्यावरची दारू, मोडलेले लग्न, टिकत नसलेल्या नोकऱ्या हे सगळे त्यांनी लपवून न ठेवता लिहिले. काही माजी परिचारिकांना ते अतिरंजित वाटले आणि त्यांनी जाहीर विरोधही केला. पण आपल्यालाच असे होते असे समजणाऱ्या कितीतरी जणींना पहिली सोबत याच पुस्तकाने दिली, आणि हे त्याचे मोल विरोधामुळे कमी होत नाही.

अमेरिकी काँग्रेसच्या आदेशावरून झालेल्या, या युद्धातल्या माजी सैनिकांच्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले. व्हिएतनाममध्ये काम केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के जणींना आयुष्यात केव्हा ना केव्हा पीटीएसडी झाला होता आणि पाहणीच्या वेळीही सुमारे ८ टक्के जणींना तो होता. १९९२ च्या कायद्याने, सेवेत असताना लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी समुपदेशनाची तरतूद केली. ११ नोव्हेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या स्मारकाचे अनावरण झाले. माजी परिचारिका डायन कार्लसन इव्हान्स यांनी त्यासाठी १९८४ पासून लढा दिला होता. ग्लेना गुडएकर यांच्या या शिल्पात एक जण जखमी सैनिकाला मांडीवर घेऊन बसली आहे, दुसरी आकाशाकडे पाहते आहे आणि तिसरी गुडघे टेकून हातातल्या रिकाम्या हेल्मेटकडे.

२०१५ मध्ये, म्हणजे युद्ध संपून चाळीस वर्षांनी, आणखी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४,००० हून अधिक माजी स्त्री-सैनिक होत्या. व्हिएतनाममध्ये राहून आलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के जणींना तेव्हाही पीटीएसडी होता. जवळच्या देशांत किंवा अमेरिकेतच सेवा केलेल्यांत हे प्रमाण ८ ते ९ टक्क्यांच्या घरात होते. कारणांमध्ये जखमींच्या सहवासाबरोबर आणखी दोन गोष्टी ठळक निघाल्या: कामात चूक होता कामा नये याचा सततचा ताण, आणि स्त्री म्हणून सोसावा लागलेला भेदभाव व छळ. यांतला छळ शत्रूने केलेला नव्हता.