सात कोटी तीस लाखांत एक

श्रोतेहो, मी कला शाखेचा पदवीधर. गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर शेर जुळवत बसायचो. तरी आज एका आकड्याची गोष्ट सांगणार आहे, कारण त्या आकड्यानं एका आईला तुरुंगात धाडायला हातभार लावला.

सॅली क्लार्क इंग्लंडमधल्या वकील. त्यांचं पहिलं बाळ डिसेंबर १९९६ मध्ये गेलं, दुसरं जानेवारी १९९८ मध्ये. दोन्ही तीन महिन्यांच्या आतली. बचाव पक्ष म्हणाला, मृत्यू नैसर्गिक. सरकारी पक्ष म्हणाला, खून. १९९९ साली चेस्टरच्या न्यायालयात नामांकित बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी साक्ष दिली. सुखवस्तू, धूम्रपान न करणाऱ्या घरात धडधाकट बाळ झोपेत, कारण न सापडता दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणलं, की दोन बाळांची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक! ज्यूरीनं दहा विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. जन्मठेप झाली.

आता गुणाकार केव्हा चालतो? दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसेल तेव्हा. नाणं दोनदा उडवावं तसं. ही तर भावंडं. रक्त एक, घर एक. पहिलं बाळ तसं गेलं असेल, तर दुसऱ्याचा धोका वाढलेला असू शकतो. या ‘तर’चा हिशेब म्हणजेच पाठ्यपुस्तकातली सशर्त संभाव्यता.

मला दुसरी चूक अधिक भयंकर वाटते. आई निर्दोष असेल, तर दोन बाळं अशी जाण्याची शक्यता फार कमी. कबूल. पण ऐकणारा ते उलटं ऐकतो: दोन बाळं गेली, तर आई निर्दोष असण्याची शक्यता फार कमी. अहो, मराठी मुशायऱ्याला आलेल्या बहुतेकांना मराठी येतं. म्हणून मराठी येणारे बहुतेक जण मुशायऱ्याला येतात का? आम्हा कवींना विचारा!

बाळं गेली, हे घडून चुकलं होतं. प्रश्न एवढाच, की दोन विरळ कारणांपैकी अधिक विरळ कोणतं? आईनं दोन्ही बाळांना मारणं हेही अत्यंत विरळच. गणिती रे हिल यांचा अंदाज असा, की अशा दुहेरी खुनाच्या एका प्रकरणामागे दुहेरी आकस्मिक मृत्यूची साडेचार ते नऊ प्रकरणं. साडेचारच धरू. साडेपाचांत साडेचार, बाकी पुरावा बाजूला ठेवला तर शंभरात सुमारे ब्याऐंशी वेळा आई निर्दोष.

असे प्रश्न सोडवण्याची वाट थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात सापडते. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला. म्हणजे त्याच देशात, सव्वादोनशे वर्षांहून अधिक आधी!

२००१ साली तिथल्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्या आकड्याला जाहीर हरकत घेतली. जानेवारी २००३ मध्ये सुटका झाली, ती मात्र दुसऱ्या बाळाच्या जंतुतपासणीचे दडून राहिलेले निष्कर्ष उजेडात आल्यामुळे. आकड्याचा मुद्दा पूर्णपणे मांडला गेला असता, तर बहुधा तेवढ्यावरही अपील मंजूर झालं असतं, असं न्यायालय म्हणालं.

मार्च २००७ मध्ये सॅली क्लार्क वारल्या. वय बेचाळीस.