एका पराभवाचा नियम

क्रीडेचा इतिहास म्हणजे जयपराजयांची यादी, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गांतहि रूढ आहे. परंतु खेळाचा एखादा नियम समाजाचें अंतरंग कसें उघडें करतो, हें पाहावयाचें असल्यास इंग्लंडांतील एफ. ए. कपचा पूर्ववृत्तांत अवश्य अभ्यासावा.

सन १८७१ च्या जुलै महिन्यांत फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स आल्कॉक यांनीं सर्व संघांसाठीं एक चषक ठेवण्याची सूचना मांडली. हॅरोच्या शाळेंतील गृहागृहांमधील सामने त्यांच्या स्मरणांत होते. तेथील दंडक असा कीं, जो हरला तो बाद. पहिल्या वर्षीं १५ संघांनीं नांवें दिलीं, आणि १६ मार्च १८७२ रोजीं लंडनच्या ओव्हल मैदानावर वाँडरर्सनीं रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघास एका गोलनें हरविलें. पुढें १८८२ पर्यंत चषक दक्षिणेकडील सुखवस्तु गृहस्थांकडेच राहिला.

३१ मार्च १८८३ रोजीं मात्र विलक्षण पालट झाला. लँकाशायरमधील ब्लॅकबर्न ऑलिंपिकच्या संघांत विणकर होते, सूतगिरणींतला कामगार होता, ओतशाळेंतले मजूर होते, नळ बसविणारा कारागीर होता. समोर ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचें खानदानी पथक उभें होतें. ऑलिंपिकला एका ओतशाळेच्या मालकानें पैसा पुरविला होता, व सामन्यापूर्वीं ब्लॅकपूलच्या समुद्रकांठीं राहून संघानें रीतसर तयारी केली होती. जादा वेळेंत त्यांनीं २-१ असा विजय मिळविला, आणि चषक प्रथमच उत्तरेकडे गेला. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांचा एकहि संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला नाहीं.

वेतन घेऊन खेळणें हा खेळाचा अधःपात होय, असें जुन्या मंडळींचें म्हणणें होतें. तें अप्रामाणिक नव्हतें. पण मैदानावर गेल्यानें ज्याच्या घरची चूल थंडावत नाहीं, त्यालाच निष्काम खेळाचें ब्रीद परवडतें, ही गोष्ट ते विसरत. अखेर १८८५ सालीं असोसिएशनला वेतनी खेळाडूंस मान्यता द्यावी लागली.

वेतनामागोमाग धनबलहि आलें, हें नाकारतां येत नाहीं. तथापि मूळचा दंडक आपलें काम करीतच राहिला. १९३३ च्या जानेवारींत तिसऱ्या श्रेणींतील वॉल्सॉलनें बलाढ्य आर्सेनलला २-० असें हरवून स्पर्धेबाहेर घालविलें. त्याच मोसमांत साखळी स्पर्धेचें अजिंक्यपद आर्सेनलनेंच पटकाविलें! वर्षभराच्या हिशेबांत समर्थ तो समर्थच ठरतो. परंतु एका दुपारच्या न्यायासनापुढें दोघेहि सारखेच उभे असतात. शाळकरी मुलांच्या त्या साध्या नियमाचें मोल यांतच आहे.