वानरांच्या कोर्टात माणूस

गेल्या उन्हाळ्यात धर्मापुरीला घरच्या गच्चीवर पुतण्याच्या लॅपटॉपवर ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ पाहिला. जुना, १९६८चा. अलीकडचे भाग त्याने आधीच पाहिले होते, त्यामुळे जुन्यातले मुखवटे पाहून तो हसत होता. त्या मेकअपसाठी जॉन चेंबर्स यांना खास ऑस्कर मिळालं होतं, हे सांगूनही त्याचं हसू थांबेना. खटल्याचा प्रसंग आला तेव्हा मात्र तो गप्प झाला.

अंतराळवीर टेलर एका ग्रहावर उतरतो. तिथे वानरं राज्य करतात आणि मुक्या माणसांची शिकार होते. कायदा ओरांगउटानांकडे, बंदुका गोरिलांकडे, संशोधन चिंपांझींकडे. टेलर बोलू शकतो, हीच त्यांची अडचण. कोर्टात त्याला बोलायची परवानगी नाही, कारण जनावराला हक्क नसतात. एका क्षणी तिघे न्यायाधीश गांधीजींच्या तीन माकडांसारखे डोळे, कान, तोंड झाकून बसतात. डॉक्टर झायस हा तिथला विज्ञानमंत्री, आणि धर्माचा मुख्य रक्षकही तोच. पुढे एका गुहेत माणसाची बोलणारी बाहुली सापडते, म्हणजे वानरांच्या आधी इथे माणूस शहाणा होता. झायसला हे आधीच ठाऊक आहे. तो गुहाच सुरुंग लावून बंद करतो.

“चाचा, उसकू बोलने कायकू नई देते?” पुतण्याने विचारलं.

मला लवूळ आठवलं. आमच्याच बीड जिल्ह्यातलं, माजलगाव तालुक्यातलं गाव. डिसेंबर २०२१ मध्ये ते देशभरच्या टीव्हीवर होतं. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून छपरांवर, झाडांवर नेत होती आणि पिल्लं मरत होती. लगेच गोष्ट तयार झाली: कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून हा बदला. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातमीगणिक बदलत अडीचशेपर्यंत गेला. शेवटी वन विभागाच्या नागपूरच्या पथकाने दोन वानरं पकडून नेली. वानर पिल्लू उचलतं ते सुडानेच, असं मानायला आधार नाही, हे जाणकार सांगत होते. पण ‘गँगवॉर’चे मथळे तोवर छापून झाले होते. गावकऱ्यांची भीती खरी होती, त्यांना हसण्याचं कारण नाही. मला राग आला तो स्टुडिओत बसून निकाल देणाऱ्यांचा.

पुतण्याला मी दुसऱ्या एका खटल्याची गोष्ट सांगितली, बगदादच्या खिलाफतीच्या काळातली. दहाव्या शतकात बसऱ्यात ‘इख्वान उस्सफा’ नावाचं विद्वानांचं मंडळ होतं. नावं लपवून त्यांनी पन्नासहून अधिक रिसाले लिहिले. त्यातल्या एका लांबलचक रिसाल्यात जनावरं माणसावर फिर्याद करतात आणि न्यायाधीश असतो जिन्नांचा बादशहा. इथे फिर्यादीला बोलू देतात. बुलबुल बोलतो, मधमाशी बोलते, बेडूक बोलतो. हिंस्र प्राण्यांचा वकील कलीला नावाचा कोल्हा. हा कलीला म्हणजे आपल्या पंचतंत्रातला करटकच, अरबीत जाऊन नाव बदललेला.

मला सर्वांत आवडतो तो माणसांच्या बढायांचा भाग. इराकचा, हिंदचा, ग्रीसचा, खुरासानचा, एकेक प्रतिनिधी उठून आपल्या कौमची थोरवी गातो. प्रत्येकाचं झालं की एक जिन्न म्हणतो, आता राहिलेलंही सांग, आणि त्या कौमच्या चुका स्वतःच मोजून दाखवतो. कुरैशचा माणूस उठतो तेव्हा त्यालाही सूट नाही. पैगंबरांनंतर तुम्ही आपल्याच नेक इमामांना मारलंत, हे जिन्न त्याला ऐकवतो. हे मुसलमानांनीच लिहिलं, हजार वर्षांपूर्वी. आज आपल्यातल्या कुणी असं लिहिलं तर पहिली ओरड घरातूनच होईल.

ही कथा उर्दूत आणली मौलवी इकराम अली यांनी, १८१० मध्ये, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी. पुढे उर्दू शिकणारे इंग्रज साहेब परीक्षेसाठी ती वाचू लागले. मराठीत ती यायला हवी.

“फिर जीता कौन?”

माणूसच जिंकला. पण ताकदीच्या, अकलेच्या, सरळ उभं राहण्याच्या बढाया एकेक करून खोडल्या गेल्यावर. शेवटी हिजाजचा एक जण म्हणाला, आम्हाला मरणानंतर उठायचं आहे, जन्नतचा वायदा आमच्याशी आहे. बुलबुलने लगेच उत्तर दिलं, जहन्नमचाही तुमच्याशीच आहे.