जर्मनीत ऑप्टिक्स आणि फोटोनिक्समध्ये मास्टर्स: काय शिकवतात, खर्च किती, अडतं कुठे?

ऑप्टिकल टेक्नॉलॉजी म्हणजे प्रकाश तयार करणं, हवा तसा वळवणं, मोजणं आणि त्याच्याकडून काम करून घेणं. फोनचा कॅमेरा हे सगळ्यात सोपं उदाहरण. आयफोनचं फेस आयडी चेहऱ्यावर ३० हजारांहून जास्त इन्फ्रारेड ठिपके टाकून त्याचा नकाशा बनवतं, तेही हेच. घरी येणारं फायबरचं इंटरनेट, तेही हेच. या विषयात बाहेर जाऊन मास्टर्स करायचं म्हटलं की जर्मनीचं नाव हमखास निघतं.

जर्मनीच का?

सुरुवात येना नावाच्या छोट्या शहरातून होते. कार्ल झाइसने १८४६ मध्ये तिथे मायक्रोस्कोप बनवायचा कारखाना काढला. त्याच्यासोबत काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये दाखवून दिलं की मायक्रोस्कोप कितीही भारी असला तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक गोष्टी त्यात वेगवेगळ्या दिसत नाहीत. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशासाठी ही मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास येते. हे सूत्र येनामध्ये चक्क दगडी स्मारकावर कोरलेलं आहे.

आता याचा तुमच्या फोनशी संबंध बघा. प्रोसेसरच्या चिपवर बारीक रेषा छापतानाही हीच मर्यादा आडवी येते. त्यावर उपाय म्हणजे तरंगलांबीच कमी करायची. एएसएमएल या डच कंपनीच्या ईयूव्ही मशीनमध्ये १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. तो तयार करायला वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे ५० हजार वेळा लेझर मारतात. हा प्रकाश काच तर सोडाच, हवासुद्धा गिळून टाकते, म्हणून आत निर्वात पोकळी आणि भिंगांच्या जागी आरसे. ते आरसे झाइस बनवते, लेझर ट्रुम्फ बनवते, आणि दोन्ही कंपन्या जर्मन. शिक्षण आणि इंडस्ट्री इतकी जवळ असलेले देश थोडेच.

कोर्स कुठले?

येनाच्या फ्रिडरिक शिलर युनिव्हर्सिटीत आबे स्कूल ऑफ फोटोनिक्स आहे, तिथला एमएससी फोटोनिक्स हा फिजिक्सकडे झुकलेला. एर्लांगेनचा ॲडव्हान्स्ड ऑप्टिकल टेक्नॉलॉजीज जास्त इंजिनिअरिंगकडे जातो, आणि त्याच शहरात प्रकाशावर संशोधन करणारी माक्स प्लांक संस्थाही आहे. तिसरा पर्याय कार्ल्सरूहचा ऑप्टिक्स अँड फोटोनिक्स. तिन्ही इंग्रजीत, चार सेमिस्टरचे, १२० क्रेडिटचे. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम, त्यामुळे सेमिस्टरचे ३० क्रेडिट म्हणजे ९०० तास. आपल्याकडची शेवटच्या आठवड्यातली नाइट मारण्याची पद्धत इथे चालत नाही.

खरी अडचण

फी नाही, शिकवणं इंग्रजीत, एवढं बघून ईएनटीसी किंवा मेकॅनिकलची मुलं अर्ज करतात. पण नाव टेक्नॉलॉजी असलं तरी आतमध्ये मॅक्सवेलची समीकरणं, फूरिये ट्रान्सफॉर्म आणि क्वांटम फिजिक्स बसलेलं असतं. इंजिनिअरिंगला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स हा विषय फक्त पास होण्यापुरता केला असेल तर पहिलं सेमिस्टर जड जाणार. माझं मत विचाराल तर निघण्याआधीचे तीन-चार महिने यावरच घालवा. पायथॉनमध्ये एखादं छोटं सिम्युलेशन करून बघा, फटीतून जाणारा प्रकाश कसा पसरतो वगैरे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चुकलं की अनडू असतं, लेझरच्या लॅबमध्ये नसतं.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे नापास होण्याचा नियम. बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला दोन किंवा तीनच संधी मिळतात. सक्तीच्या विषयात शेवटची संधीही गेली तर कोर्स संपतो, आणि साधारणपणे तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. व्हिसा शिक्षणावर टिकलेला असतो, म्हणजे तोही अडचणीत. इकडे घरच्यांनी काढलेलं कर्ज तसंच राहतं. एटीकेटी घेऊन पुढे सरकायची सवय असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

मार्कांचं गणित

जर्मनीत १.० सगळ्यात चांगला, ४.० म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए बदलायचा तर कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि पासच्या गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. समजा १० पैकी ४ ला पास आहे आणि तुमचा सीजीपीए ७.५ आहे, तर उत्तर येतं २.२५.

पैसे आणि कागद

भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट लागतं, म्हणजे तुमच्या डिग्रीची पडताळणी. वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी हेच करा. त्यानंतर ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासूनच्या आकड्यानुसार त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो काढता येतात. ही फी नाही, तुमचेच पैसे आहेत, पण ते एकरकमी उभे करावे लागतात. येनामध्ये ट्युशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं वर्गणीसारखं शुल्क. कार्ल्सरूह ज्या राज्यात आहे तिथे मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात.

शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. युनिव्हर्सिटीच्याच लॅबमध्ये 'हिवी' म्हणून, म्हणजे विद्यार्थी सहायक म्हणून काम मिळालं तर ते या दिवसांत धरत नाहीत. हॉटेलात भांडी घासण्यापेक्षा हे कधीही चांगलं, कारण पुढे थिसिसचा गाइड इथूनच मिळू शकतो.

जर्मन शिकायचं का?

कोर्ससाठी गरज नाही, नोकरीसाठी आहे. या क्षेत्रात झाइससारख्या मोठ्या कंपन्यांच्या जोडीला छोट्या-मध्यम कंपन्या भरपूर आहेत आणि तिथलं रोजचं बोलणं जर्मनमध्ये चालतं. बी१ तरी हवीच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवनमध्ये ए१, ए२ इथूनच उरकून जा, तिकडे सेमिस्टर सुरू झालं की वेळ मिळत नाही. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, आणि भाषा येत नसेल तर त्यातला बराच काळ भाषेच्या क्लासमध्येच जातो.