चाकाचं वजन

माझे अब्बा ट्रक ड्रायव्हर होते. मिरजेहून हळद नाही तर गूळ भरून ते मुंबईला जात. वाटेत खंबाटकी, कात्रज आणि बोरघाट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी परतले की अंगणातल्या चटईवर पालथे पडत. अम्मी तेल कोमट करून त्यांचे खांदे चोळायची आणि आम्ही पोरं त्यांच्या पाठीवर चालायचो. त्यांच्या ट्रकला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. परातीएवढं ते चाक घाटाच्या वळणावर ते उठून, अंगाचा सगळा भार टाकून फिरवत. चाक एवढं मोठं का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "छोटा रहता तो घुमताच नहीं, बेटा." पहार जितकी लांब, तितका धोंडा सहज हलतो. तोच न्याय.

पन्नाशीत त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. नमाजेत तकबीरच्या वेळी दोन्ही हात कानापर्यंत न्यायचे असतात. अब्बांचा एक हात कानाशी पोचायचा, दुसरा खांद्याशीच थांबायचा.

हे सगळं आठवायचं कारण माझा मुलगा. तो अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरी करतो. २०२३ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. त्यानं एक जुनी, दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी लाल गाडी घेतली होती, माझदा मियाटा. एका शनिवारी मी गॅरेजात गेलो तर चिरंजीव गाडीखाली आडवे.

"काय बिघडलं?" मी विचारलं.

"काही नाही, अब्बू. पॉवर स्टिअरिंग काढतोय."

"चालत नाही का?"

"उत्तम चालतं. पण त्यात रस्ता कळत नाही."

मला राग आला, हे कबूल केलं पाहिजे. ज्या सोयीअभावी माझ्या बापाचा खांदा गेला, ती हा पोरगा हौसेखातर काढून टाकत होता. मी एवढंच म्हणालो, "तुझ्या दादांना विचारायला हवं होतंस," आणि घरात निघून आलो. पण मनाला चैन पडेना. ही सोय मुळात आली कुठून, हे मी शोधायला बसलो. जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगतो.

अमेरिकेत पिअर्स-ॲरो नावाची एक नामांकित मोटार कंपनी होती. ती ट्रकही बनवी. तिच्या ट्रक विभागात फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर होता. ते अवजड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक त्यानं जवळून पाहिली होती. त्यानं नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी एक लहानसं वर्कशॉप भाड्यानं घेतलं आणि एका कसबी कारागिराला हाताशी धरून कामाला लागला. तेलाच्या दाबानं चाकं वळवावीत, ही कल्पना तशी सोपी. अडचण अशी की तेल सतत दाबाखाली कोंडून ठेवलं की ते गळतं. डेव्हिसनं उलटा विचार केला. एरवी तेल मोकळं फिरत राहू दे. चालक चाक वळवील तेवढ्यापुरताच झडपेनं त्याचा मार्ग अडवायचा आणि दाब निर्माण करायचा. १९२६ साली पिअर्स-ॲरोच्याच एका मोटारीवर ही यंत्रणा बसवून त्यानं ती डेट्रॉइटच्या मोटार कारखानदारांना दाखवली.

जनरल मोटर्सनं त्याला बोलावून घेतलं. काही वर्षं काम चाललं. पण मंदी आली, खर्चाचा हिशेब जुळेना आणि १९३४ च्या सुमारास योजना गुंडाळली गेली. पुढं बेंडिक्स कंपनीनं त्याच्याशी करार केला. मग दुसरं महायुद्ध आलं आणि चिलखती लष्करी गाड्यांना ही यंत्रणा लागली. अखेर १९५१ साली ती बाजारात विक्रीच्या मोटारीत आली. ती मोटार होती क्रायस्लरची 'इंपीरियल', म्हणजे श्रीमंतांची. क्रायस्लरनं डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांचा आधार घेतला होता. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं कॅडिलॅकमध्ये डेव्हिसची यंत्रणा आणली. ती गाडीसुद्धा श्रीमंतांचीच.

इथं मी थबकलो. ट्रक चालकांचे हाल पाहून ज्यानं हा ध्यास घेतला, त्याची वस्तू आधी पोचली ती शेठजींच्या मोटारीत. डेव्हिस १९७८ साली वारला. तेव्हा अब्बा खंबाटकीच्या वळणावर उठून चाक ओढतच होते.

मग स्पोर्ट्स कारचं काय? वजनदार इंजिनाच्या अमेरिकन मोटारी एका बोटानं वळू लागल्या खऱ्या, पण चाक निर्जीव झालं, अशी तक्रार सुरू झाली. हौशी माणसांच्या छोट्या इंग्लिश गाड्या मुळातच हलक्या. त्यांना ही मदत लागलीच नाही. त्यात १९६२ ची लोटस एलान ही आदर्श मानली गेली. जपानमधल्या हिरोशिमाच्या माझदा कंपनीनं तसल्याच हलक्या गाडीचा ध्यास घेतला आणि १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात मियाटा मांडली. तिच्यामागचं सूत्र जपानी भाषेत 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे बैलगाडी हाकणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. कासरा हातात असला की बैलाच्या मनात काय आहे ते आधी हाताला कळतं. सुरुवातीच्या मियाटा साध्या स्टिअरिंगच्याही मिळत आणि पॉवर स्टिअरिंगच्याही. मुलाच्या वाट्याला दुसरी आली होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गॅरेजात गेलो. मुलानं काही न बोलता मला स्टूल दिलं आणि टेबलावर काढून ठेवलेले भाग दाखवले. चाकाच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चक्र असतं. ते आडव्या दातेरी कांबीला डावी-उजवीकडे सरकवतं आणि पुढची चाकं वळतात. पॉवर स्टिअरिंगमध्ये या कांबीवरच एक दट्ट्या असतो. पंप त्याच्या एका नाही तर दुसऱ्या बाजूला तेल ढकलतो. कोणत्या बाजूला, हे ठरवते एक बारीक पोलादी काडी. आपण चाक वळवलं की ती किंचित पिळते आणि त्या पिळानं झडप उघडते.

"मग नुसता पंपाचा पट्टा काढला की झालं," मी म्हणालो.

"तिथंच पुष्कळ जण फसतात," तो म्हणाला. पट्टा काढला तरी तेल आणि दट्ट्या आतच राहतात. वळताना ते तेल आपल्याच हातांनी बारीक नळ्यांतून रेटावं लागतं. चाक साध्या स्टिअरिंगहून जड होतं. म्हणून सगळी यंत्रणा उतरवायची, तेल काढून टाकायचं, दट्ट्यावरचं सील काढायचं, म्हणजे हवा मोकळी ये-जा करते. नळ्यांची भोकं बुजवायची आणि आत ग्रीस भरायचं. ती बारीक काडी मात्र तशीच ठेवून चालत नाही. तेलाचा दाब गेल्यावर ती नुसतीच पिळते आणि चाक थोडं फिरेपर्यंत गाडीला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून तिथं वेल्डिंग करून दोन्ही टोकं एकजीव करायची. हे काम त्यानं एका जाणत्या वेल्डरकडून करून घेतलं. पंप आणि वातानुकूलनाचं यंत्र एकाच पट्ट्यावर चालत होती. पंप गेल्यावर तिथं आखूड पट्टा आला.

तरी एक गोष्ट बदलत नाही. साध्या स्टिअरिंगच्या मियाटात चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे सव्वातीन वेढे फिरतं. पॉवर स्टिअरिंगमध्ये दात वेगळे, म्हणून तीनपेक्षा कमी. पॉवर काढलं तरी दात तेच राहतात. त्यामुळं गाडी चटकन वळते, पण जोर जास्त लागतो. फुकट काहीच मिळत नाही. आणि असे प्रयोग इकडे करायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मज्जाव करतं.

रस्त्यावरचा बर्फ हटला तेव्हा गाडी बाहेर निघाली. मुलानं मला चाकामागं बसवलं. गाडी उभी असताना मी जोर लावला, चाक तसूभर हललं आणि खांद्यात कळ आली. तो म्हणाला, "अब्बू, उभ्या गाडीत नको. आधी थोडी पुढं जाऊ द्या."

मला एकदम अब्बांचा आवाज ऐकू आला. मला ट्रक शिकवताना ते हेच म्हणायचे, "पहले गाडी को थोडा हिलने दे, फिर चक्का मोड." टायर जागच्या जागी घासण्यापेक्षा फिरता फिरता वळवायला फार कमी जोर लागतो. मी क्लच सोडला. गाडी सरकली आणि चाक खरोखर हलकं झालं. खडबडीत डांबर, एक भेग, वळणावर टायरनं धरलेली पकड, सगळं तळव्यांत आलं. वळण संपताच चाक आपणहून सरळ झालं. मुलगा म्हणत होता ते खरं होतं. रस्ता कळत होता.

पण मला आणखी एक गोष्ट कळली, ती मी त्याला परतताना सांगितली. ही गाडी हजार किलोच्याही आतली. दादांच्या ट्रकमध्ये नुसता मालच कित्येक टन असायचा. तुला हात दुखले तर उद्या गाडी काढायची नाही, एवढंच. त्यांना तशी सवड नव्हती. मालकाचा माल वेळेत पोचवायचा होता. वजन उचलणं एकच, पण कुणी तालमीत उचलतो, कुणी हमालीत.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादांना ही गाडी चालवायला दिली असती तर?"

मी विचार केला. अब्बांनी आधी टायर बघितले असते. मग एका हातानं चाक फिरवून म्हटलं असतं, "खिलौना है." आणि संध्याकाळपर्यंत किल्ली परत दिली नसती.

आता आपल्याकडच्या नव्या ट्रकांना पॉवर स्टिअरिंग असतं. मिरजेच्या नाक्यावर परवा एक तरुण ड्रायव्हर तळहातानं चाक फिरवत भरलेला ट्रक वळवताना दिसला. दुसऱ्या हातात त्याच्या चहाचा ग्लास होता. मी उभा राहून बघत राहिलो. त्याला रस्ता कळतो की नाही, ठाऊक नाही. पण त्याचे दोन्ही हात कानापर्यंत जात असतील.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)