एक्झॉस्ट ब्रेक आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची झीज

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेकडे उतरणाऱ्या महामार्गाचा उतार सुमारे ७ टक्के आहे. मागे चार-पाच टनांचा ट्रेलर ओढणारा डिझेल पिकअप ट्रक तेथे केवळ चाकांच्या ब्रेकवर रोखू पाहिल्यास ते तापून निकामी होण्याचा धोका असतो. पारंपरिक डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे हवा अडविणारी झडप नसते. त्यामुळे अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी वेग फारसा घटत नाही. ही उणीव एक्झॉस्ट ब्रेक भरून काढतो. तो धुराची वाट आवळतो. कोंडलेल्या दाबाविरुद्ध पिस्टनांना झगडावे लागते आणि इंजिनच गाडीला रोखून धरते.

मात्र हा रोध चाकांपर्यंत पोहोचतो तो गिअरबॉक्समधून, आणि खरी मेख तेथेच आहे. डॉज रॅमच्या जुन्या ४७आरई गिअरबॉक्समध्ये पाय काढताच टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक सुटे व तेलाचा दाबही उतरे, कारण तो अॅक्सिलरेटरशी जोडलेल्या केबलवर अवलंबून असे. परिणामी क्लच घसरत, तेल तापे, अस्तर जळे. खापर ब्रेकवर फुटे. दोषी असे तो अपुरा दाब. बाहेरून बसविलेल्या ब्रेकसोबत म्हणूनच लॉक टिकविणारा नियंत्रक लागे. २००७ मध्ये आलेल्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनात मात्र टर्बोच हे काम करू लागला. जुना ट्रक घेणाऱ्याने गिअरबॉक्सचे तेल आधी पाहावे. ते काळपट असेल व करपट वास येत असेल, तर क्लच जळाल्याची शक्यता मोठी.