झेरॉक्सवाला वकील आणि पनामाचा कालवा

गेल्या शनिवारी भाडेकराराच्या झेरॉक्स काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात उभा होतो, तेवढ्यात घरून फोन. टेस्टिंग सोडून डेव्हलपमेंटला आलो, आता थेट क्लायंटशी बोलणाऱ्या टीममध्ये जायचं म्हणतोय, हे कळल्यापासून बाबांचं एकच पालुपद चालू आहे... "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

फोन ठेवला आणि समोरच्या मशीनकडे बघताना सोल लिनोविट्झ आठवले. वकील, उद्योगपती आणि मुत्सद्दी, तिन्ही एकाच माणसात.

जन्म १९१३, अमेरिकेतल्या ट्रेंटनचा. १९३८ साली कॉर्नेलमधून कायद्याची पदवी. गंमत बघा, त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला चेस्टर कार्लसनने न्यूयॉर्क शहरातल्या अ‍ॅस्टोरियात पहिली कोरडी प्रत काढली. महायुद्धानंतर रॉचेस्टरमध्ये वकिली करणाऱ्या लिनोविट्झना हॅलॉइड नावाच्या छोट्या कंपनीच्या जो विल्सननी कार्लसनच्या शोधाचे हक्क मिळवण्यासाठी मदतीला बोलावलं. काम तात्पुरतं होतं. पण हॅलॉइडचं झेरॉक्स झालं आणि वकीलसाहेब पुढे त्याच कंपनीचे चेअरमन!

१९५९ साली बाजारात आलेलं ९१४ मॉडेल झेरॉक्सने मुख्यतः भाड्यानेच दिलं. महिना ९५ डॉलर, त्यात २००० प्रती फुकट, पुढे प्रत्येक प्रतीला पैसे. मशीन कंपनीचं, वापर गिऱ्हाइकाचा. मालकी वेगळी, वापर वेगळा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी त्यांना अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेत राजदूत नेमलं. तिथून १९६९ साली ते परत वकिलीत. मग १९७७ मध्ये कार्टरनी दिलेलं खरं अवघड काम, पनामा कालवा.

१९०३ च्या कराराने कालव्याभोवतीचा दहा मैल रुंदीचा पट्टा कायमचा अमेरिकेच्या ताब्यात गेला होता. पनामाच्या वतीने त्यावर सही करणारा फिलिप ब्यूनो-व्हारिया हा फ्रेंच होता... आणि इंजिनियर! (आपल्या जमातीचं नाव असं कुठेकुठे निघतं.) जानेवारी १९६४ मध्ये झेंड्यावरून दंगल पेटली, त्यात वीसच्या आसपास पनामावासी आणि चार अमेरिकी सैनिक गेले. म्हणजे वाद फक्त कागदावरचा नव्हता.

लिनोविट्झची नेमणूक सहा महिन्यांची होती. एवढ्या मुदतीसाठी सिनेटची मंजुरी लागत नाही. त्यावर टीका झाली. शिवाय ते ज्या बँकेच्या संचालक मंडळावर होते, तिने पनामाला कर्ज दिलेलं होतं. टीका वाढल्यावर त्यांनी ते पद सोडलं. मला वाटतं बाबांच्या म्हणीपेक्षा हा आक्षेप जास्त गंभीर आहे. तीन क्षेत्रांत वावरणाऱ्याच्या ओळखी जशा वाढतात, तसे हितसंबंधांचे गुंतेही वाढतात. आणि मला विचाराल तर हे पद नेमणुकीच्या आधीच सोडायला हवं होतं.

एल्सवर्थ बंकर यांच्याबरोबर त्यांनी वाटाघाटी केल्या. तोडगा निघाला तो दोन करारांचा. एकाने कालवा ३१ डिसेंबर १९९९ ला पनामाकडे जाणार. दुसऱ्याने तो सगळ्या देशांच्या जहाजांना कायम खुला राहणार आणि ही तटस्थता राखायचा हक्क अमेरिकेकडे. मालकी एकाची, वापराची हमी सगळ्यांना! करारावर एकमत झालं १० ऑगस्ट १९७७ ला, नेमणुकीचे सहा महिने संपता संपता. डेडलाइनलाच रिलीज, आपल्यासारखंच :) सिनेटमध्ये दोन तृतीयांश, म्हणजे ६७ मतं हवी होती. १९७८ मध्ये दोन्ही करारांना प्रत्येकी ६८ मिळाली. एकच जास्त.

झेरॉक्सच्या भाड्यावरून त्यांना हे सुचलं असं मी म्हणणार नाही. पण मालकी आणि वापर वेगळे काढायची सवय आयुष्यभर करारांतच वावरलेल्या माणसाला असणारच.

सगळीकडे यश आलं असंही नाही. १९७९ पासून मध्यपूर्वेत कार्टरचे दूत म्हणून पॅलेस्टिनी स्वायत्ततेच्या वाटाघाटी त्यांनी केल्या, त्यांतून करार निघाला नाही. कालव्याचं हस्तांतर मात्र त्यांच्या हयातीत ठरल्या दिवशी झालं. २००५ मध्ये ते गेले.

असो. हातातला अकरा महिन्यांचा करार वाचत घरी आलो. घर मालकाचं, राहणार मी. बाबांना संध्याकाळी फोन करून ही गोष्ट सांगितली. सगळं ऐकून म्हणाले, "त्याने प्रत्येक चिंधी नीट शिवली होती. तू शिवतोयस का?"

सोमवारपर्यंत उत्तर शोधायचंय.